वगळलेली चाचणी पास नसते

पास झालेल्या आणि वगळलेल्या चाचण्यांची बेरीज करून त्यावर ‘शंभर टक्के’ लिहिणारा माणूस खोटं बोलतो. याहून मवाळ शब्द माझ्याकडे नाही आणि मला तो शोधायचाही नाही. लिनक्स कर्नलच्या चाचण्या वेगवेगळ्या प्रोसेसरांवर बसवून देणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. कारंजा तालुक्यातल्या कामरगावात, घरातल्या एका खोलीतून मी तो करतो, आणि या व्यवसायात सगळ्यांत राजरोस चालणारं खोटं हेच आहे.

अहवाल येतो. चार प्रोसेसरांचे चार रकाने, चारही हिरवेगार. मूळ लॉग उघडला की खरं काय ते कळतं. पहिल्या रकान्यात, म्हणजे इंटेल-एएमडीच्या एक्स८६ वर, चाचण्या खरोखर धावलेल्या असतात. उरलेल्या तिन्हींत ओळीमागून ओळ ‘ओके’ने सुरू होते, पुढे चाचणीचं नाव येतं आणि शेवटी हॅशच्या चिन्हामागे लिहिलेलं असतं ‘स्किप’. अहवाल बनवणाऱ्या स्क्रिप्टनं ओळीची सुरुवात तेवढी वाचली आणि शेवट सोडून दिला.

कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावरचे प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असलेला थर. मेमरी कोणाला किती, प्रोसेसर कोणाला कधी, फाईल डिस्कवर कुठं, हे सगळं तो ठरवतो. तो चुकला तर वरचं काहीच भरवशाचं राहत नाही. म्हणून कर्नलच्या मूळ कोडमध्येच केसेल्फटेस्ट नावाचा चाचण्यांचा मोठा संच ठेवलेला आहे. त्यातली चाचणी पास झाली तर शून्य परत करते, नापास झाली तर एक, आणि वगळली गेली तर चार. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट हा दुसरा जुना संच. ‘इथं ही सोयच नाही’ हे सांगायला त्यानं ३२ हा वेगळा आकडा राखून ठेवलाय. ज्यांनी ही साधनं बनवली त्यांनी पास आणि वगळलेलं यांत गल्लत होऊ नये याची काळजी घेतली होती. गल्लत करणारे नंतर आले, आणि त्यांनी ती जाणूनबुजून केली.

आमच्या वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात शेतकरी घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करून ठेवतो आणि मग किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं पेरायचं. आता कोणी साठ दाणे गोणपाटावर ठेवलेच नाहीत, चाळीस ठेवले, चाळीसही उगवले आणि तो म्हणाला की शंभर टक्के उगवण आली, तर गावात त्याला कोणी उभं करणार नाही. हाच हिशेब संगणकाच्या धंद्यात केला की त्याला ‘क्वालिटी रिपोर्ट’ म्हणतात आणि त्यावर बिल काढतात.

हे खोटं जन्मतं कॉन्फिगमध्ये. कर्नलमध्ये चालू-बंद करायचे पर्याय दहा हजारांहून जास्त आहेत. कुठला चालू, कुठला बंद, कुठला मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवायचा, हे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फायलीत असतं. प्रत्येक प्रोसेसरकुळाची स्वतःची मूळ फाईल असते, तिला डेफकॉन्फिग म्हणतात. केसेल्फटेस्टच्या अनेक फोल्डरांत आणखी एक छोटी फाईल असते आणि ती आपल्या गरजा सांगते: मला धावायचं तर हे पर्याय चालू हवेत. या गरजा मूळ फायलीत मिसळायला मर्ज-कॉन्फिग नावाची स्क्रिप्ट आहे. ती मिसळते. मग केकॉन्फिग ही यंत्रणा कुठला पर्याय कशावर अवलंबून आहे ते तपासते. एखाद्या पर्यायाच्या आधीचा पर्याय बंद असेल तर तो पर्याय गळून पडतो. स्क्रिप्ट तेव्हा एक इशारा छापते की मागितलेला पर्याय शेवटच्या फायलीत उतरलेला नाही. हजारो ओळींच्या लॉगमधली ती एक ओळ कोणी वाचत नाही. कर्नल बांधून होतो, बोर्ड सुरू होतो, चाचणी ‘सोय नाही’ म्हणून स्वतःला वगळते आणि रकाना हिरवा होतो.

एक उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे. मेमरीची छोटी पानं जोडून मोठी करणारी एक सोय आहे, ट्रान्सपरंट ह्यूज पेज. एक्स८६ वर ती मागितली की मिळते. ३२ बिटी एआरएम या प्रोसेसरकुळावर तिला आधी एलपीएई नावाचा पर्याय लागतो, म्हणजे पत्त्यांचा मोठ्या आकाराचा तक्ता. कॉर्टेक्स-ए७ आणि ए१५ या प्रोसेसरांत एलपीएई आहे, जुन्या ए८ आणि ए९ मध्ये नाही. ‘मल्टी व्ही७’ नावाची जी सामायिक डेफकॉन्फिग आहे तिला या सगळ्यांवर चालायचं असतं, म्हणून तिच्यात एलपीएई बंद आहे. आता ए९ च्या बोर्डावर ह्यूज पेजची चाचणी वगळली गेली तर ते योग्य झालं. त्या सिलिकॉनमध्ये ती कुवतच नाही. पण ए७ च्या बोर्डावर तीच चाचणी वगळली गेली, तर प्रोसेसर समर्थ असताना कॉन्फिग लिहिणाऱ्यानं त्याला संधी दिली नाही. पहिली वगळणूक हार्डवेअरची आहे आणि दुसरी माणसाच्या निष्काळजीपणाची. लॉगमधली ओळ दोन्हीकडे अक्षराला अक्षर तीच.

ही दोन प्रकरणं वेगळी काढणं हाच या कामाचा गाभा. त्यासाठी प्रोसेसरची पुस्तिका वाचावी लागते, केकॉन्फिगमधली अवलंबित्वाची साखळी मागे मागे जात तपासावी लागते, आणि प्रत्येक वगळलेल्या चाचणीपुढे कारण लिहावं लागतं. आमच्या कंपन्या हे काम कोणाला देतात? कालपरवा कॉलेजातून आलेल्या पोराला. ‘कॉन्फिग तेवढं लावून दे’ असं सांगून. ज्या माणसाच्या हातात सत्य काय ठरणार हे असतं, त्याला कारकून समजायचं, आणि सादरीकरणाच्या स्लाइड रंगवणाऱ्याला आर्किटेक्ट म्हणायचं. ही उतरंड उलटी आहे आणि ती उलटी ठेवण्यात अनेकांचा स्वार्थ आहे.

मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यापैकी एका कंपनीत, तिचं नाव इथं महत्त्वाचं नाही, मी वगळलेल्या चाचण्यांचा वेगळा पिवळा रकाना काढून दिला. फोनवर प्रकल्पप्रमुख म्हणाले, ‘‘अहो, स्किप म्हणजे फेल तर नाही ना? मग पिवळं दाखवून ग्राहकाला घाबरवायचं कशाला? हिरव्यात टाका.’’ मी टाकलं नाही. ते दुसऱ्या कोणीतरी टाकलं. ग्राहकाला घाबरवायचं कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढंच विचारतो: घाबरण्यासारखं काही नसेल, तर लपवता कशाला?

यावर एक ठरलेला बचाव असतो. ‘कोड सी भाषेत आहे, एका प्रोसेसरवर चालला म्हणजे सगळीकडे चालणार.’ असं म्हणणाऱ्यानं दुसरा प्रोसेसर कधी हाताळलेलाच नसतो.

एक्स८६ वर मेमरीचं पान ४ केबीचं. ६४ बिटी एआरएमवर ते ४, १६ किंवा ६४ केबीचं असू शकतं आणि ते कर्नल बांधतानाच ठरतं. आता चाचणी लिहिणाऱ्यानं पानाचा आकार यंत्रणेला न विचारता थेट ४०९६ लिहिला, आणि फाईलचा ४०९६ व्या बाइटपासूनचा भाग मेमरीत मांडून मागितला. ६४ केबीच्या कर्नलवर ही मागणी फेटाळली जाणारच, कारण सुरुवात पानाच्या पटीत हवी. कर्नल बरोबर वागला, चाचणी चुकीची निघाली. चाचणी दुरुस्त करायला एक ओळ लागते. प्रत्यक्षात होतं काय, तर ‘एआरएमवर वगळा’ अशी एक ओळ लिहिली जाते. त्या दिवसापासून त्या प्रोसेसरवर मेमरीचा तो कोपरा कोणी तपासत नाही, आणि पुढे तिथं खरा दोष आला तरी तो कोणालाच दिसत नाही.

सिस्टिम कॉलचे आकडेही सगळीकडे सारखे नाहीत. ६४ बिटी एक्स८६ वर फाईलमध्ये लिहिण्याच्या कॉलचा आकडा १, ६४ बिटी एआरएम आणि रिस्क-फाइव्हवर ६४. जुना ‘ओपन’ कॉल तर या दोन नव्या कुळांत दिलेलाच नाही, तिथं ‘ओपनॅट’ वापरावा लागतो. सी भाषेतला साधा ‘कॅर’ हा प्रकार एक्स८६ वर ऋण आकडे धरतो, एआरएमवर धरत नाही. या एका फरकानं इतके दोष पिकले की कर्नलवाल्यांनी २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ६.२ आवृत्तीत सगळ्या प्रोसेसरांसाठी एकच नियम लावला. आयबीएमच्या एस३९० वर आकड्यातली मोठी बाइट आधी बसते, एक्स८६ वर छोटी.

हे फरक निदान उघड तरी आहेत. चाचणी धावली तर पहिल्या फटक्यात कळतात. छुपा फरक आहे तो क्रमाचा, आणि त्यावर मला थांबायचं आहे.

दोन कोअर आहेत असं धरा. पहिल्यानं आधी माहिती लिहिली, मग ‘माहिती तयार’ अशी खूण लिहिली. दुसरा खूण पाहतो आणि माहिती उचलतो. एक्स८६ वर एका कोअरनं केलेली लिखाणं दुसऱ्याला त्याच क्रमानं दिसतात. एआरएम, आयबीएमचा पॉवर आणि रिस्क-फाइव्ह अशी हमी देत नाहीत. तिथं दोन लिखाणांमध्ये आणि दोन वाचनांमध्ये बॅरियर, म्हणजे क्रम राखायला लावणारी आज्ञा, घालावा लागतो, नाहीतर खूण नवी आणि माहिती जुनी असं दिसू शकतं. बॅरियर विसरलेला कोड एक्स८६ वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालेल. एआरएमवर तो असंख्य वेळा बरोबर चालून एखाद्या वेळी जुनी माहिती हातात ठेवेल, आणि ते कधी घडेल हे कोणी सांगू शकत नाही. कर्नलवाल्यांनी हा विषय इतका गंभीरपणे घेतला की २०१८ मध्ये मेमरीच्या क्रमाचं औपचारिक गणिती प्रारूप कर्नलच्या कोडमध्येच आणून ठेवलं.

आणि आमच्याकडे ‘एआरएमवर तपासलं’ म्हणतात तेव्हा काय केलेलं असतं? एक्स८६ च्या लॅपटॉपवर क्यूएमू चालवलेलं असतं. दुसऱ्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारं हे थोर साधन आहे. त्यानं कर्नल सुरू होतो की नाही कळतं, पानाचा आकार आणि बाइटांचा क्रम यांतल्या चुका पकडता येतात, बोर्ड नसलेल्या माणसालाही शिकता येतं. पण ते एआरएमच्या आज्ञा एक्स८६ च्या आज्ञांत बदलून चालवतं, त्यामुळे एक्स८६ ची कडक शिस्त त्या नकली एआरएमला आपोआप मिळते. वर सांगितलेला क्रमाचा दोष तिथं डोकं वर काढत नाही. क्यूएमू कॅशचीही नक्कल करत नाही, म्हणजे नेटवर्क कार्डानं मेमरीत थेट आणून टाकलेली माहिती आणि कॅशमधली शिळी माहिती यांतली गफलत तिथं दिसणारच नाही. केयुनिटचंही तेच. कर्नलचे छोटे तुकडे तपासणारी ही सोय २०२० च्या सुरुवातीला ५.५ आवृत्तीत आली. तिला वेगळं काही सांगितलं नाही तर ती कर्नलला तुमच्याच यंत्रावर एक साधा प्रोग्राम म्हणून चालवते. दुसरं कुळ हवं तर आज्ञेत तसं मागावं लागतं. आज्ञेतला तो एक शब्द न लिहिता ‘केयुनिट सगळीकडे पास’ असं लिहिणारे अहवाल मी पाहिलेत.

माझ्या टेबलावर खरे बोर्ड आहेत. प्रत्येकातून तीन वायरी बाहेर येतात: पाठवायची, घ्यायची आणि अर्थिंगची. त्या यूएसबीच्या छोट्या अडॅप्टरला जोडून १,१५,२०० च्या वेगानं मी बोर्डाचं बोलणं ऐकतो. कर्नल कोसळतो तेव्हा नेटवर्क आधी मरतं. शेवटचे शब्द या तीन वायरींवरूनच येतात. उन्हाळ्यात इथं पारा ४४ च्या वर जातो आणि बोर्ड तापून स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे वेळेचं बंधन असलेल्या चाचण्या कोलमडतात. लाईन जाते, डीपी जळते, चाचणी अर्ध्यात तुटते, एसडी कार्डावरची फाईल सिस्टिम बिघडते. अशा वेळी माझ्या अहवालात ‘अपूर्ण, वीज गेली’ असं लिहिलेलं असतं, तारीख आणि वेळेसह. गावात राहून मला जे जमतं ते पुण्या-बंगळूरच्या वातानुकूलित प्रयोगशाळांना जमत नाही, असं कोणी मला सांगू नये. त्यांना ते करायचं नसतं.

गावातला बारावी झालेला एक मुलगा शिकायला म्हणून माझ्याकडे येतो. पहिल्यांदा लॉग पाहून तो म्हणाला, ‘‘दादा, सगळं हिरवंच तं हाय, मग तुमी काय शोधून रायले?’’ मी त्याला स्किपच्या ओळी वेगळ्या काढायला लावल्या, आणि प्रत्येकीपुढे कोणता पर्याय गळाला आणि का गळाला ते लिहायला सांगितलं. तो आता ते करतो. ते करायला पदवी लागत नाही. ओळ शेवटपर्यंत वाचायची सवय लागते.

पदवी देणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दशकानुदशकं मायक्रोप्रोसेसर म्हणून ८०८५ आणि ८०८६ शिकवले. पहिला १९७६ चा, दुसरा १९७८ चा. पाया म्हणून ते शिकवायला हरकत नाही. पण दोन कोअर एकाच मेमरीवर काम करताना क्रमाचं काय होतं, एकाच कोडला दोन कुळांसाठी कसं बांधायचं, क्रॉस-कंपायलर म्हणजे काय, हे हातानं न करता मुलं संगणक अभियंता होऊन बाहेर पडतात. मग ती अहवालातली हिरवी रंगपट्टी पाहून समाधान मानतात, कारण त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नसतं. दोष मुलांचा नाही. अभ्यासक्रमाच्या समित्यांवर बसून जुनीच प्रकरणं पुढे ढकलणाऱ्यांचा आहे.

हे ज्ञान आपल्या मातीला परकं आहे असं म्हणायची सोय तर मुळीच नाही. परम महासंगणक घडवणारे विजय भटकर आमच्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. तोवर त्यांचं गाव आणि आमचं गाव एकाच जिल्ह्यात होतं. अमेरिकेनं भारताला क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० जगासमोर आला. आता त्यानंतरची यंत्रं क्रमानं पाहा. परम ८००० इन्मॉसच्या ट्रान्सप्युटरवर होता. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला. १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर आणि २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर. वीस वर्षांच्या आत प्रोसेसरचं कूळ पुन्हा पुन्हा बदललं. ट्रान्सप्युटरवर छोटी बाइट आधी, स्पार्क आणि पॉवर४ वर मोठी, झिऑनवर पुन्हा छोटी. म्हणजे पुण्यातल्या एकाच संस्थेत आकडे मेमरीत मांडण्याचा क्रम दोनदा उलटा झाला. खालचं यंत्र बदलणार हे धरूनच सॉफ्टवेअर लिहायचं असतं, हा धडा मराठी मुलखात तीन दशकांपूर्वी गिरवला गेलाय. त्याच मुलखात आज ‘आमचा सर्व्हर एक्स८६ आहे, बाकीचं कशाला तपासायचं’ असं विचारलं जातं. मला याची चीड येते.

आणि आता स्वदेशी प्रोसेसरांच्या घोषणा. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारनं डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह कार्यक्रम जाहीर केला. आयआयटी मद्रासचा शक्ती आहे, सी-डॅकचा वेगा आहे. हे काम करणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. प्रोसेसर घडवणं खायचं काम नाही. माझा राग आहे तो फीत कापणाऱ्यांवर आणि त्यांच्या मागे ‘आता आपलं सगळं आपलं’ म्हणत धावणाऱ्यांवर. रिस्क-फाइव्ह हे नाव एक आहे, पण त्याखाली येणाऱ्या चिपा एकसारख्या नाहीत. मूळ आज्ञासंच छोटा आहे आणि गुणाकार, अपूर्णांक, संक्षिप्त आज्ञा, व्हेक्टर अशी कुवत चिप बनवणारा आपापल्या गरजेनुसार जोडतो. सी-डॅकच्या एरीज बोर्डावरचा तेजस३२ हा ३२ बिटी, २५६ केबी मेमरीचा. तो छोट्या उपकरणांसाठी आहे, त्यावर लिनक्स चढवायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या टोकाला ६४ बिटी, अनेक कोअरचे रिस्क-फाइव्ह आहेत. एकाच नावाखाली इतका फरक असेल तर कॉन्फिगची जबाबदारी दसपट वाढते. व्हेक्टरची चाचणी एका बोर्डावर रास्तपणे वगळली जाईल आणि दुसऱ्यावर वगळली गेली तर तो गुन्हा असेल.

म्हणून कुठलाही स्वदेशी प्रोसेसर किंवा स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर करताना मंत्र्यांच्या भाषणासोबत तीन गोष्टी छापा: कोणत्या बोर्डावर चाचणी झाली, नेमकी कोणती डॉट कॉन्फिग फाईल वापरली, आणि वगळलेल्या चाचण्यांची कारणांसह यादी. यात गोपनीय काही नाही. यात आहे ते फक्त लाज वाटण्यासारखं, आणि म्हणूनच ते छापलं जात नाही.

‘कामरगावात बसून याचं तुम्हाला काय पडलंय?’ असं मला विचारतात. पडलंय ते असं. या गावात एक्स८६ शोधायचा तर ग्रामपंचायतीत, बँकेत, सेतू केंद्रात किंवा एखाद्या घरच्या लॅपटॉपमध्ये. बाकी गाव एआरएमवर चालतं. प्रत्येक खिशातला मोबाइल एआरएम, आणि त्यातले हलके फोन तर कमी मेमरीचे, जुन्या कर्नलचे. याच फोनवरून ई-पीक पाहणी भरायची, पीक विम्याची तक्रार करायची, बँकेचा ओटीपी पाहायचा. म्हणजे जे सॉफ्टवेअर गावात एआरएमवर जगतं ते शहरात एक्स८६ वर तपासलं जातं. बिघडलं की शेतकऱ्याला सांगितलं जातं, ‘तुमचा फोन स्वस्तातला आहे.’ फोन स्वस्तातला आहे, मान्य. त्या स्वस्त फोनवर तपासणं हे तुमचं काम होतं. तुम्ही ते केलं नाही आणि दोष त्याच्या खिशावर टाकला.

याचंच लांब पल्ल्याचं रूप म्हणजे १९ जानेवारी २०३८. त्या सकाळी आपल्याकडे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाल्यावर ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या प्रणालींचा आकडा भरून उलटा फिरेल. ३२ बिटी यंत्रांना यातून वाचवायचं कर्नलमधलं काम २०२० च्या ५.६ आवृत्तीत पूर्णत्वाला आलं. केयुनिटच्या अगदी पहिल्या चाचण्यांपैकी एक चाचणी ईएक्सटी४ फाईल सिस्टिम अशा तारखा बरोबर वाचते का, हेच तपासते. ती चाचणी ६४ बिटी लॅपटॉपवर पास होऊन काय सिद्ध होतं? धोका ३२ बिटी यंत्रांना आहे, तर ती तिथंच धावली पाहिजे, आणि धावली असा पुरावा अहवालात दिसला पाहिजे. आज बसवलेलं छोटं यंत्र बारा-पंधरा वर्षं सहज टिकतं. २०३८ दूर नाही.

आक्षेप एकच दमदार आहे: प्रत्येक प्रोसेसर, प्रत्येक पर्याय तपासणं अशक्य आहे. खरं आहे. दहा हजार पर्यायांच्या सगळ्या जुळण्या कोणीही, कधीही तपासू शकणार नाही. म्हणून तर रँडकॉन्फिग आहे, जी वाटेल तशी जुळणी काढून देते, म्हणजे तिच्यावर कर्नल निदान बांधला जातो का ते बघता येतं. म्हणून २०१४ पासून कर्नलसीआय जगभरच्या प्रयोगशाळांतले बोर्ड एकत्र जोडतंय आणि २०१९ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलं. सगळं तपासा असं मी म्हणत नाही. जे तपासलं नाही ते तपासलं नाही असं लिहा, एवढंच म्हणतो.

कर्नलवाल्यांनी हे करून दाखवलंय. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून त्यांनी ब्लॅकफिन, टाइल, क्रिस यांच्यासह आठ प्रोसेसरकुळं काढून टाकली, कारण त्यांची निगा राखणारं आणि ती वापरून पाहणारं कोणी उरलं नव्हतं. इंटेलनं गाजावाजा करून आणलेलं इटॅनियमही जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत गेलं. कोणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत त्या कोडमध्ये होती. तरीही तपासत नाही ते चालतं असं म्हणायचं नाही, यावर ते ठाम राहिले. आमच्या कंपन्यांनी हे धैर्य दाखवलं असतं तर त्यांच्या अहवालांतले अर्धे रकाने आज रिकामे दिसले असते.

ग्राहकांनीही आपली जबाबदारी ओळखावी. सरकारी खातं असो की खासगी कारखाना, निविदेत ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ अशी अट घालणं बंद करा. ही अटच खोटं बोलायला भाग पाडते. त्याऐवजी लिहा की मर्ज-कॉन्फिगचे सगळे इशारे अहवालासोबत जोडा, प्रत्येक वगळलेल्या चाचणीपुढे हार्डवेअरची मर्यादा आहे की पर्याय राहून गेला ते नोंदवा, आणि क्यूएमूवर धावलेल्या चाचण्या बोर्डावर धावलेल्या चाचण्यांत मिसळू नका. ज्या कोडला दोन कोअरमधल्या क्रमाशी संबंध आहे तो खऱ्या एआरएमवर किंवा खऱ्या रिस्क-फाइव्हवर, भाराखाली, दीर्घकाळ चालवून घ्या. असे बोर्ड काही हजार रुपयांत मिळतात. निविदेच्या रकमेपुढे तो खर्च नगण्य आहे.

माझ्याकडे काम घेऊन येणाऱ्यांना मी हे आधीच सांगतो. वगळलेल्या चाचण्यांचा रकाना वेगळा राहील, त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे कारण राहील, आणि तो रकाना काढून टाकलेल्या अहवालावर माझी सही असणार नाही. काही जण यावर फोन ठेवतात. ठेवू देत.